सुईएवढं भोक

(दृश्य : लिफ्टवर चढवलेली गाडी. मागच्या उजव्या चाकामागे टॉर्चचा उजेड.)

या गाडीचा मागचा उजवा कोपरा अधूनमधून बसतो आणि डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा दिवा पेटतो. खड्ड्यातून गेलं की पेटतो, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की विझतो. पाऊस असला की मात्र हटता हटत नाही.

हे येणं-जाणं फार महत्त्वाचं आहे. या गाडीत स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे आहेत. फुगा फाटला असता तर गाडी उभ्या उभ्या हळूहळू खाली बसली असती, तिला खड्ड्याची गरज पडली नसती. तरी फुग्यावर साबणाचं पाणी मारून पाहिलं. एक बुडबुडा आला नाही.

(दृश्य : सेन्सर, जवळून.)

हा हाइट सेन्सर. चाकाच्या आर्मला जोडलेली ही बोटभर दांडी चाकाबरोबर वरखाली होते आणि सेन्सरचा हात फिरवते. त्या कोनावरून कंट्रोल युनिटला गाडीची उंची कळते, मग ते फुग्यात हवा भरतं किंवा सोडतं. बऱ्याच गाड्यांत सेन्सरला तीन तारा असतात : ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये खेळतो. तो एकदम शून्यावर आला किंवा थेट ५ वर गेला, की युनिट समजतं, तार तुटली किंवा कुठेतरी टेकली. मग ते दिवा लावतं आणि उंची बदलणं थांबवतं.

गाडीच्या युनिटमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला : मागचा उजवा हाइट सेन्सर, सर्किटमध्ये दोष.

इथेच बहुतेक वेळा घाई होते आणि नवा सेन्सर मागवला जातो. पण कोड सर्किटकडे बोट दाखवतोय. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर (तारा जिथे सेन्सरला जोडतात तो प्लग) आणि युनिटपर्यंतची सगळी तार.

(दृश्य : स्कॅनरचा पडदा आणि वायरिंग चाचपणारा हात, एकत्र.)

पडद्यावर सिग्नल २.४ व्होल्ट. कपलर हलवला, २.४. दांडी हलवली, आकडा शांतपणे सरकला, म्हणजे सेन्सर काम करतोय. मग वायरिंग बोटांनी चाचपत पुढे गेलो. चाक खाली झुकलं की तार जिथे वाकते, तिथे अंगठा टेकला... शून्य. अंगठा उचलला, २.४.

मल्टिमीटर मात्र याच तारेवर बीप देतो, म्हणजे तार सलग आहे असं सांगतो. आतला तांब्याचा एखादा धागा शाबूत असला तरी बीप वाजतो, आणि इथेच भलेभले फसतात. म्हणून तारेची दोन्ही टोकं गाडीपासून सोडवली, वेगळी बॅटरी घेतली आणि या तारेतून एक छोटा बल्ब पेटवला. तो मिणमिणला. तार वाकवली, विझला.

(दृश्य : ब्लेडने सोललेली तार.)

वरचं आवरण बघा, धडधाकट दिसतंय. आत तांब्याला हिरवा कळंक चढलाय, धागे बोटाने चोळले तर भुकटी होतात. आणि आवरणावर हे भोक, सुईच्या टोकाएवढं. आधीच्या कुठल्या तरी तपासणीत तार टोचून व्होल्टेज मोजलं गेलं आणि भोक तसंच राहिलं. पाणी तिथून शिरलं. तार टोचायचीच असेल तर भोक बुजवा, ही कळकळीची विनंती आहे. शक्यतो टोचूच नका, कपलरच्या मागून मोजा.

(दृश्य : दुरुस्ती.)

कळंक दिसतो त्याच्याही पुढे, आवरणाच्या आतून पसरलेला असतो. म्हणून तांबं लख्ख दिसेपर्यंत तार कापली. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा, नीट दाबून बसवलेले क्रिम्प, म्हणजे तारा जोडणाऱ्या धातूच्या नळ्या, आणि त्यांवर तापवली की आवळणारी, आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक नळी. जोड वाकण्याच्या जागेपासून दूर घेतले. ताठ जोड वाकत राहिला तर त्याच्या कडेलाच तार पुन्हा तुटते. नंतर चाक पूर्ण खाली सोडून आणि पूर्ण वर उचलून पाहिलं. तार कुठे ताणत नाही, घासत नाही.

या कामात एक गोष्ट अजिबात चालत नाही : फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणं. फुगा कधीही रिकामा होऊ शकतो. सस्पेन्शन जॅक मोडवर टाकायचं, म्हणजे ते आपोआप उंची बदलत नाही, आणि वजन स्टँडवर किंवा लिफ्टवरच घ्यायचं.

(दृश्य : सपाट जमिनीवर गाडी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत धरलेला टेप.)

सेन्सर बदलला असता तर उंचीचं कॅलिब्रेशन करावंच लागलं असतं. इथे तो जुनाच आहे, तरी चारही कोपरे मोजले. मॅन्युअलमधल्या आकड्यांशी जुळले.

आता तीच खड्ड्यांची वाट. स्कॅनर जोडलेलाच आहे. २.१... २.८... २.३. आकडा चाकाबरोबर झुलतोय, शून्यावर येत नाही.