मेंढी आडवी आली तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतींमुळे इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन तुमच्या कानावर असेल. ते मुळात शर्यतीसाठी बांधलेलंच नाही. तो महायुद्धातला विमानतळ. 1943 साली सुरू झालेल्या त्या तळावर वेलिंग्टन बॉम्बरवर नवख्या वैमानिकांची तालीम चाले. तीन धावपट्ट्या आणि त्यांना वळसा घालणारा रस्ता. तीन धावपट्ट्या, भोवती रस्ता, एवढं ध्यानात ठेवा.

युद्ध संपलं, विमानं गेली. इंग्लंडात सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला मनाई आणि ब्रुकलँड्सची जुनी शर्यतीची वाट युद्धात विमान कारखान्याच्या कामी आलेली. मोटारींच्या शौकिनांनी जायचं कुठे?

आता मला सांगायचीच होती ती गोष्ट. सप्टेंबर 1947. मॉरिस गेगन नावाचा गृहस्थ तिथल्याच गावात राहायचा, रिकामा तळ त्याला ठाऊक. त्याने डझनभर मंडळी जमवली. कुठल्या क्लबाचा शिक्का नाही, काही नाही. दोन मैलांची फेरी आखली आणि गाड्या सोडल्या. पण ती जागा एव्हाना मेंढ्यांचीही झाली होती! त्यांतली एक नेमकी गेगनच्या गाडीपुढे आली. मेंढी गेली आणि गाडीही कामातून गेली. ग्रां प्री म्हणजे मोठी मोटारशर्यत. या शर्यतीला नाव पडलं ‘मटण ग्रां प्री’. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं, तिकडे मेंढीचं, म्हणून हे नाव.

मला त्या मेंढीचं वाईट वाटतं. आमच्या गावाकडे धनगराचा कळप रस्त्यावर आला की एसटी थांबायची. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवत नसे, शेवटचं कोकरू पार होईपर्यंत वाट पाहायचा. आजही तसंच थांबावं, असं माझं ठाम मत आहे. हॉर्नने कळप बिथरतो, आणि दोन मिनिटांत कुणाचं काही अडत नाही.

असो. पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1948 ला तिथे रीतसर ग्रां प्री झाली. भोवतालचा रस्ता आणि धावपट्ट्या, दोन्ही वापरल्या. त्यामुळे मधोमध गाड्या एकमेकींच्या समोरून यायच्या! ड्रायव्हर बिचकू नयेत म्हणून मध्ये कनाती ताणल्या होत्या, आपल्या लग्नमांडवात असतात तशा. मासेराती चालवणारा लुइजी विलोरेसी जिंकला. 1949 साली धावपट्ट्या वगळल्या आणि भोवतालचा रस्ता तेवढा ठेवला. तोच तो, वळसा घालणारा रस्ता. त्याच्यावरच 13 मे 1950 रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली. राजे सहावे जॉर्ज हजर होते, आणि अल्फा रोमिओतून जुझेप्पे फारीना पहिला आला.

आपल्या देशातही मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर कित्येक वर्षं शर्यती रंगल्या. आणि सिल्व्हरस्टोनच्या दोन सरळ पट्ट्यांची नावं आजही विमानांच्या शेडवरून हँगर स्ट्रेट आणि त्या बॉम्बरवरून वेलिंग्टन स्ट्रेट अशीच आहेत.