तोडलं तरी पालवतं

नमस्कार मंडळी. आज माँते कॅसिनोबद्दल बोलायचंय. रोमहून नेपल्सकडे ट्रेनने निघालं की मधे कॅसिनो नावाचं गाव लागतं आणि त्याच्या डोक्यावर पाचशे-सव्वापाचशे मीटर उंच डोंगरावर हा मठ. संत बेनेडिक्टने ५२९ च्या सुमारास स्थापन केलेला, म्हणजे जवळजवळ १५०० वर्षं झाली की. वळणावळणाच्या रस्त्याने टॅक्सी वर गेली, आम्ही उतरलो, आणि खरं सांगू का, पहिलं मनात आलं ते असं की अरे हे तर कालपरवा बांधल्यासारखं दिसतंय!

आणि ते तसंच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हा मठ पार भुईसपाट केला. वर जर्मन लपलेत असा संशय होता, पण आत होते ते साधू आणि आसऱ्याला आलेले गावकरी, त्यातले कितीतरी मेले. गंमत म्हणजे, गंमत कसली, जर्मन त्यानंतर ढिगाऱ्यात घुसले, आणि ढिगारा लढायला भिंतींपेक्षा सोयीचा निघाला! पुढे १८ मे ला पोलिश सैनिकांनी तो घेतला. आता दिसतो तो मठ युद्धानंतर होता तसा, होता तिथेच परत उभा केलाय. ५७७ च्या आसपास लोंबार्ड टोळ्यांनी, ८८३ मधे सारासेन म्हणजे मुस्लिम हल्लेखोरांनी, १३४९ मधे भूकंपाने, असं तीनदा आधीच होऊन गेलेलं. मठाचं बोधवाक्य लॅटिनमधे आहे, त्याचा अर्थ आपल्याकडचा शेतकरी सहज सांगेल, तोडलं तरी पालवतं.

चौकात मधे विहीर आहे आणि जिन्याच्या पायथ्याशी दोन पुतळे, एक बेनेडिक्टचा, एक त्याची बहीण स्कोलॅस्टिका हिचा. भावाचा पुतळा जुना, बॉम्बमधून वाचलेला. बहिणीचा फुटला, तो नवीन केलाय. मी दोघांपुढे बराच वेळ उभा होतो, बायको म्हणाली चला हो, जेवायचंय.

मग इथे जुनं काय उरलं? कागद. म्हणजे चामड्यावरचे दस्त. १९४३ मधेच दोन जर्मन अधिकाऱ्यांनी, श्लेगेल आणि बेकर, ग्रंथालय नि दफ्तर ट्रकमधे भरून खाली हलवलं म्हणून वाचलं. त्यात मार्च ९६० चा एक दस्त आहे, इटालियन भाषेचा पहिला पुरावा मानतात तो. तुम्हाला वाटेल स्तोत्र असेल, प्रार्थना असेल. छे हो, जमिनीचा दावा! कापुआ गावच्या न्यायाधीशासमोर साक्षीदार सांगतायत की या हद्दीतली ही जमीन तीस वर्षं संत बेनेडिक्टच्या लोकांच्या, म्हणजे मठाच्या, ताब्यात होती, हे मला माहीत आहे. बाकी सगळा निवाडा लॅटिनमधे आणि साक्ष तेवढी गावच्या बोलीत, जमलेल्या सगळ्यांना कळावी म्हणून असणार! वहिवाटीचा वाद, बांधाचा वाद, आपल्या तलाठी ऑफिसात रोज चालतो तोच. मी तर तिथे उभ्या उभ्या हसलो.

खाली उतरताना युद्ध स्मशानभूमीत थांबलो. शव सापडलं नाही किंवा ओळख पटली नाही अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथे दगडात कोरलीयत. त्यात नाईक यशवंत घाडगे. आपल्या रायगडातल्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे, तेव्हाच्या ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या मराठा लाईट इन्फंट्रीचे. ते पडले १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात, कॅसिनोपासून कितीतरी लांब, आपल्या तुकडीतले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनवर चालून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. वय वर्षं २२. माणगावला त्यांचा पुतळा आहे, येताजाता बघितला असेल तुम्ही. कॅसिनोत नुसतं नाव आहे, इंग्रजी अक्षरांत, ते मी बोट फिरवून मराठीत वाचलं.