नेटवर्क रिकामं, कार्ड भरलेलं

(साखर कारखान्यांतील इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रिकल विभागांच्या मंडळींसमोर ऑफ-सीझनमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गाळप बंद आहे, ओव्हरहॉलिंग चालू आहे आणि नव्या पॅनेलची, नव्या स्काडाची (पडद्यावरून कारखाना पाहण्या-चालवण्याच्या यंत्रणेची) कोटेशनं याच दिवसांत टेबलावर येतात. त्यात एक ओळ हमखास असते: ‘हाय स्पीड नेटवर्क’. किती हाय आणि कशासाठी, हे देणारा लिहीत नाही आणि घेणारा विचारत नाही. आज तो हिशेब मांडू. गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागणार नाही.

सुरुवात मॉडबसपासून. मॉडिकॉन कंपनीनं १९७९ साली आणलेला हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. आपल्या को-जनरेशनच्या (कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या) पॅनेलमधले बरेचसे एनर्जी मीटर आजही त्याच्यावरच बोलतात. समजा, आरएस-४८५ च्या एका सिरिअल लाइनवर २४ मीटर आहेत. प्रत्येकाकडून व्होल्टेज, करंट, किलोवॅट, पॉवर फॅक्टर वगैरे मिळून १० रीडिंग हवीत. एका रीडिंगला दोन रजिस्टर (मीटरमधले आकडे ठेवायचे कप्पे), म्हणजे मीटरमागे २० रजिस्टर. बॉड रेट ९६००, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट.

पीएलसीनं (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरनं) विचारलेला प्रश्न ८ बाइटचा. मीटरचं उत्तर ४५ बाइटचं: ४० बाइट माहिती आणि ५ बाइट पत्ता, फंक्शन कोड, सीआरसी (चूक तपासायचा आकडा) वगैरे. एकूण ५३ बाइट. आता ५३ ला ८ नं गुणून मोकळे होऊ नका. तारेवर एक बाइट ११ बिट खातो: स्टार्ट, आठ डेटा, पॅरिटी, स्टॉप. त्यामुळे ९६०० वर एका बाइटला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात आणि ५३ बाइटना ६१. शिवाय दोन फ्रेमच्या (एकेका निरोपाच्या) मध्ये साडेतीन कॅरेक्टरइतकी शांतता सक्तीची, म्हणजे दोन वेळचे मिळून ८ मिलिसेकंद. आणि सगळ्यात दुर्लक्षित आकडा म्हणजे प्रश्न पोचल्यावर मीटर विचार करायला किती वेळ घेतो. तो मीटरनुसार बदलतो. आपण ५० मिलिसेकंद धरू. बेरीज होते सुमारे ११९. चोवीस मीटरना मिळून २.९ सेकंद, ही एक फेरी.

इथे कुणीतरी म्हणतंच, ‘‘सर, बॉड रेट वाढवू ना!’’ वाढवा. ११५२०० करा, बारापट. बाइटचा वेळ ६१ वरून ५ वर येतो, शांतता साडेतीन मिलिसेकंदांवर येते, पण मीटरचे ५० मिलिसेकंद तिथेच ठाण मांडून बसतात. बेरीज साधारण ५९. चोवीस मीटरना १.४ सेकंद. वेग बारापट आणि फायदा जेमतेम दुप्पट! वर इतक्या बॉडला लांब, जुन्या, मोटरच्या केबलशेजारून नेलेल्या वायरीवर सीआरसीच्या चुका वाढल्या, तर आहे तेही जाईल.

खरा फायदा कुठे आहे, तर मागण्याच्या पद्धतीत. काही प्रोग्रॅममध्ये प्रत्येक रीडिंगसाठी वेगळा प्रश्न लिहिलेला असतो. वाचायला सोपा दिसतो, म्हणून तसाच राहतो. त्याच ९६०० वर असा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळून १७ बाइट, म्हणजे साडेएकोणीस मिलिसेकंद. शांतता ८ आणि मीटरचे ५० धरून साडेसत्त्याहत्तर. असे दहा प्रश्न, चोवीस मीटर: साडेअठरा सेकंद. पंगतीत भाताचं एकेक शीत वाढत गेल्यासारखं आहे हे. मॉडबस एका प्रश्नात १२५ रजिस्टरपर्यंत देतो. रजिस्टर सलग नसली तरी मधली नको असलेली चार-सहा सोबत उचलणं दुसऱ्या प्रश्नापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. फक्त मीटरच्या मॅन्युअलमध्ये मधले पत्ते रिकामे आहेत का ते पाहा. रिकाम्या पत्त्याला हात लागला की काही मीटर सगळाच प्रश्न नाकारतात.

आणि आपल्याकडे घडतं ते असं. ऑफ-सीझनला एक मीटर कॅलिब्रेशनसाठी काढला. पोलिंगच्या (पाळीपाळीनं विचारण्याच्या) यादीतून त्याचं नाव काढायचं राहिलं. टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मुदत) एक सेकंद, प्रयत्न तीन. तो एक गैरहजर मीटर दर फेरीत तीन सेकंद खातो आणि फेरी २.९ वरून पावणेसहावर जाते. दोन काढले असतील तर साडेआठच्या वर. ऑपरेटर म्हणतो, नेटवर्क स्लो झालंय. नेटवर्क आपल्या जागी आहे. ते न आलेल्या उत्तराची वाट पाहत बसलंय. मीटरचा खरा प्रतिसाद ५० मिलिसेकंदांचा असेल, तर टाइमआउट २००-३०० ला आणायला काहीच हरकत नाही. आणि जो सलग गैरहजर आहे त्याला प्रत्येक फेरीत विचारू नका, मिनिटातून एकदा विचारा.

पण मुळात तीन सेकंद वाईट आहेत का? मीटर रूमला एका मिनिटाचं रीडिंग पुरतं. ज्यूस हीटरचं तापमान थर्मोवेलमधून (सेन्सरच्या संरक्षक नळीतून) कळायलाच काही सेकंद जातात. ते १०० मिलिसेकंदांनी विचारून तेच उत्तर पुनःपुन्हा मिळणार. उलट बॉयलरची ड्रम लेव्हल (ड्रममधली पाण्याची पातळी) या असल्या पोलिंगवर टाकायचीच नाही. ती थेट ४-२० मिलिॲम्पिअरनं कंट्रोलरच्या कार्डात आली पाहिजे. यावर मी वाद घालत नाही.

आता इथरनेट. इथे लोक एकदम निर्धास्त होतात, कारण १०० मेगाबिट हा आकडाच मोठा वाटतो. केन कॅरिअर, रेक कॅरिअर, मिल, पंप असे २० ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रं) इथरनेट-आयपी या प्रोटोकॉलवर आहेत असं धरा. प्रत्येक कनेक्शनला आरपीआय द्यावा लागतो, म्हणजे किती मिलिसेकंदांनी पॅकेट पाठवायचं ते. ‘फास्ट असू दे’ म्हणून कुणी १० टाकलं. मग ड्राइव्हकडून सेकंदाला १०० पॅकेट येतात आणि ड्राइव्हकडे १०० जातात. वीस ड्राइव्हची ४,०००. एका पॅकेटमध्ये कामाची माहिती ८ बाइट. पण इथरनेट, आयपी, यूडीपी यांची हेडर आणि तारेवरचं मोकळं अंतर धरून जवळपास १०० बाइट, म्हणजे ८०० बिट. चार हजार गुणिले आठशे: ३.२ मेगाबिट. शंभरातले सव्वातीन टक्के. नेटवर्क जवळजवळ रिकामं.

आता कंट्रोलरच्या कार्डाकडे बघा. रॉकवेलचं १७५६-ईएनबीटी हे जुनं इथरनेट कार्ड सेकंदाला अशी ५,००० आय-ओ पॅकेट हाताळतं. आपण ४,००० वापरली. कार्ड ८० टक्के भरलं. त्यात स्काडा, एचएमआय (ऑपरेटरचा पडदा) आणि प्रोग्रॅमिंगचा लॅपटॉप यांचं काम वेगळं. नंतर पाच ड्राइव्ह वाढवले की मर्यादा गाठली, आणि कनेक्शन अधूनमधून तुटायला लागतात. मग कुणीतरी गिगाबिट स्विच आणतं. त्यानं काय होणार? ड्राइव्हचा पोर्ट १०० चाच, कार्डही तेच. आरपीआय १० चा २० करा. पॅकेट २,००० वर येतात, पैसा शून्य. आणि ज्या टास्कमध्ये ती माहिती वापरली जाते तो टास्क ३० मिलिसेकंदांनी चालत असेल, तर १० ला आलेली तीनपैकी दोन पॅकेट कुणी वाचतही नाही.

कॅमेऱ्यांचं मात्र उलट असतं. गव्हाणीवरचा एक चांगला आयपी कॅमेरा एकटाच सगळ्या ड्राइव्हइतकी बँडविड्थ सहज घेतो. त्याची पूर्ण आकाराची एक इथरनेट फ्रेम (चित्राची नव्हे) १०० मेगाबिटच्या पोर्टवरून जायला सव्वाशे मायक्रोसेकंद घेते आणि ड्राइव्हचं चिमुकलं पॅकेट तिच्यामागे थांबतं. गिगाबिटचे पैसे खर्च करायचेच असतील तर कॅमेरे जिथे एकत्र येतात त्या ट्रंकवर करा, आणि कॅमेऱ्यांना वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) द्या.

उपसा सिंचनाच्या नदीकाठच्या पंपहाउसबद्दल थोडक्यात. तिथे फोर-जी मोडेम आहे आणि प्रश्न वेगाचा नाही, सिमच्या डेटाचा आहे. मॉडबस टीसीपीवर तीच २० रजिस्टर वाचायची तर प्रश्न, उत्तर, पोच मिळून साधारण १८० बाइट जातात. त्यात आपले ४०. दर सेकंदाला विचारलं तर दिवसाला साडेपंधरा एमबी, महिन्याला ४७० च्या आसपास. दर मिनिटाला विचारलं तर आठ. पंप चालू-बंद झाल्याचं पंपहाउसच्या आरटीयूनं (तिथल्या छोट्या कंट्रोलरनं) स्वतःहून कळवायचं, बाकीचं मिनिटाला.

हा सगळा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. मीटरचे ५० मिलिसेकंद मी धरले. तुमचा मीटर २०० घेत असेल. तेव्हा स्विचचा एक पोर्ट मिररिंगला (दुसऱ्या पोर्टवरच्या पॅकेटची नक्कल घ्यायला) लावा, वायरशार्क हे पॅकेट पाहायचं सॉफ्टवेअर चालू करा आणि सेकंदाला किती पॅकेट येतात ते पाहा. सिरिअल लाइनला यूएसबी कन्व्हर्टर लावून वेळा नोंदवा. आज पॅनेल शांत असताना एकदा आणि गाळप पूर्ण क्षमतेनं चालू असताना पुन्हा. दोन्ही वेळा मोजून झालं की एका मीटरची कम्युनिकेशन वायर मुद्दाम काढा, आणि फेरी किती सेकंदांवर जाते ते स्टॉपवॉचवर बघा.