सकाळची पाखाडी

सकाळचे सात. गुहागरकडची एक वाडी. घरापासून बालवाडीपर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, आणि ही पाच वर्षांची पोर ती बसून उतरतेय. एक गुडघा सरळच होत नाही. दुपारी या, हीच माडाखाली पकडापकडी खेळत असेल. म्हणून तर कुणाला पटत नाही.

"नाटकं करत्येय हो, शाळा नको म्हणून," शेजारी म्हणाले. आजीने उंडीचं तेल कोमट करून चोळलं. मुरगळला असेल, मुरगळला असेल करत दोन महिने गेले. डॉक्टरांकडे नेलं तेही दुपारच्या एसटीने. तोवर गुडघा मोकळा झालेला!

संधिवात लहान मुलांनाही होतो. १६ वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दमट हवेने किंवा आंबटाने हे होत नाही. सोलकढी बिचारी उगाच बंद होते.

रात्रभर न हललेला सांधा सकाळी आखडतो, हिंडल्याफिरल्यावर सैलावतो. वाढत्या वयातले पाय दुखतात ते संध्याकाळी, रात्री. सकाळी मूल टुणटुणीत असतं. फार लहान मूल तर दुखतं असं सांगतही नाही, नुसतं 'कडेवर घे' म्हणतं. आणि संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी, आरए फॅक्टर, निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, बहुतेक मुलांत ती निगेटिव्हच येते.

शेवटी वडिलांनी पाखाडीवरच मोबाइलने चित्रण केलं. मुंबईच्या डॉक्टरांनी ते दोनदा पाहिलं, मग गुडघ्याला हात लावला. तिथल्या सुजेने रक्तपुरवठा वाढून तो पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांबही झाला होता.

सांध्यात इंजेक्शन दिलं. मेथोट्रेक्सेट नावाचं, उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सुरू झालं, तेही आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारभोवती आईने लाल गोल काढलाय.

"गुडघ्याचं दुखणं नि डोळे कशाला दाखवायचे?" आजीचा प्रश्न. कारण या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर मात्र हळूहळू जाते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्प या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखालीच ती सूज दिसते.

गुडघा आता सरळ होतो. तरी दर तीन महिन्यांनी पहाटेची एसटी धरायची, डोळे दाखवायला. खिडकीची जागा पोरीची.