शून्याचा हट्ट सोडा

आजचा विषय ‘नव्या रीफ टाकीतलं शेवाळ कसं घालवायचं’ असा जाहीर झाला आहे. घालवण्यापर्यंत पोचूच, पण त्याआधी ‘शून्य’ या आकड्याबद्दल बोलायचं आहे. बरेच दिवस मनात साचलंय. तुम्ही सगळे रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, सांभाळणारे आहात, त्यामुळे माशांच्या घाणीतून अमोनिया, त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट हे चक्र पुन्हा उगाळत नाही. टेस्ट किटवर नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, शून्य आलं म्हणून ज्यांनी आनंदाने फोटो काढला असेल, त्यांनी हात वर करा. बघा, अर्धा हॉल!

एका ओळखीच्या तरुणाचा फोन आला. “सर, खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ बोटभर वाढलंय. पण नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मग हे जगतंय कशावर?” मी म्हटलं, “अरे, त्याच्यावरच! म्हणून तर शून्य दिसतंय.” किट मोजतं ते पाण्यात विरघळलेलं. शेवाळाने जे आधीच उचललं, ते किटला दिसणार कसं? कोरडा खडक वापरला असेल तर त्यातूनही फॉस्फेट झिरपत राहतं, आणि पाण्यात मिसळायच्या आत वरचं शेवाळ ते टिपतं.

पण त्याला कोणीतरी सांगितलं होतं की आकडा अजून खाली आण. आता शून्याच्या खाली कुठे न्यायचा? त्याने फॉस्फेट शोषणारी लोहाची माती घातली, बाटलीतलं औषध घातलं, मासे उपाशी ठेवले. हिरवं शेवाळ खरंच विरळ झालं. आणि मग वाळूवर तपकिरी, शेंबडासारख्या तारा दिसू लागल्या, टोकाला हवेचे बुडबुडे. डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव! पाठोपाठ शंखाच्या गोगलगायी मरायला लागल्या, कारण यातल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या जाती विषारी असतात.

हे का झालं? इतर शेवाळं उपासमारीने मागे हटली आणि जागा मोकळी झाली. डायनोंपैकी बरेच जण प्रकाशावर जगतातच, शिवाय जिवाणूही गिळतात. सगळ्यांचा उपास त्यांच्या पथ्यावर पडतो. शून्याचा सल्ला देणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. ज्या प्रवाळांसाठी आपण हा खटाटोप करतो, त्यांच्या शरीरात राहून त्यांना अन्न पुरवणाऱ्या झूझॅन्थेली याही डायनोफ्लॅजेलेट्सच, त्याच मोठ्या गटातल्या. त्यांनाही नायट्रोजन-फॉस्फरस लागतो. तो तोडला की प्रवाळ फिके पडतात.

नवी टाकी म्हणजे नांगरून मोकळं टाकलेलं रान. तिथे काहीतरी उगवणारच. काय उगवू द्यायचं आणि ते खाणार कोण, एवढं आपल्या हातात असतं. खाणाऱ्यांचं महत्त्व बघायचं तर कॅरिबियन समुद्र बघा. १९८३ मध्ये पनामाजवळ डायडेमा हे शेवाळ खाणारे, लांब काट्यांचे समुद्री साळू रोगाने मरू लागले आणि वर्षभरात जवळपास सगळ्या कॅरिबियनमधून ते नाहीसे झाले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे आधीच मारून संपवले होते. वादळांनी प्रवाळ मोडले होतेच, त्यांच्या जागी शेवाळ पसरलं. १९७० च्या दशकात निम्म्याहून अधिक असलेलं प्रवाळाचं आच्छादन १९९० च्या सुमारास ५ टक्क्यांच्याही खाली आलं. यावर मी तासभर बोलू शकतो, पण संयोजकांची चिठ्ठी आली आहे. तर जाहीर केलेला विषय आता भराभर.

पाणी आरओ-डीआय यंत्राने क्षार काढलेलं, आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य. शून्याचा आग्रह इथे जरूर धरा. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी याच गोड्या पाण्याने भरा. पहिल्या आठवड्यांत वाळूवर तपकिरी भुकटी दिसते, ते डायटम, म्हणजे सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शेवाळं. पाण्यातली सिलिका संपली की बहुतेक वेळा आपोआप जातात. लाल, बुळबुळीत चादर आली तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू, शेवाळ नव्हेच. नळीने ओढून काढा, तिथला प्रवाह वाढवा. प्रवाळ घातलेले नसतील तर दिवे मंद ठेवा.

केसाळ शेवाळ आधी हाताने उपटा, मगच गोगलगायी सोडा. लांब वाढलेलं त्या सहसा खात नाहीत. ट्रोकस जातीची गोगलगाय उत्तम, उलटी पडली तरी बहुधा स्वतः सावरते. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास स्थिर ठेवा. काही कमी करायचं असेल तर हळूहळू, रिफ्यूजियममध्ये, म्हणजे जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात, कीटोमॉर्फा हे उपयोगी शेवाळ वाढवून.

डायनो आलेच तर पाणी बदलणं थांबवा, पोषकं शून्यावरून वर आणा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतात, म्हणून त्यांच्यावर यूव्ही, म्हणजे पाण्यावर अतिनील किरण सोडणारा दिवा, चालतो. वाळूतच बसून राहणाऱ्या जातींवर त्याचा फारसा उपयोग नाही. बुडबुड्यांसारखं गोल हिरवं शेवाळ, व्हॅलोनिया, मुळापासून अख्खं काढा. राहिलं ब्रायॉप्सिस, पिसासारखं दिसणारं. ते गोगलगायींना दाद देत नाही, खडक बाहेर काढून घासावा लागतो. प्रश्न आता विचारा, पण टाकीचा फोटो दाखवून विचारा.