पोट मोकळं आहे का?

मणक्याच्या ऑपरेशनमध्ये किती रक्त जाणार, ते सर्जनच्या हातावर अवलंबून, असं लोक समजतात. मी पडलो भूलतज्ज्ञ, त्यामुळे माझं मत थोडं एकांगी धरा. पण पहिला छेद जाण्याआधी, पेशंटला पालथं घालतानाच त्यातलं बरंचसं ठरून गेलेलं असतं.

मज्जारज्जूच्या आवरणाभोवती शिरांचं एक जाळं असतं. ऑस्कर बॅटसन यांनी 1940 मध्ये ते तपशिलात मांडलं. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे रक्त त्यांतून कुठल्याही दिशेला जाऊ शकतं. पेशंटचं पोट टेबलावर दाबलं गेलं, की पोटातली मोठी नीला चेपते आणि पायांकडून परतणारं रक्त या जाळ्यात शिरतं. शिरा टरारून फुगतात, आणि सर्जनला काम करायचं असतं नेमकं तिथेच. म्हणून आधार द्यायचा तो छातीला आणि कंबरेच्या हाडांना, पोट अधांतरी. चादरी टाकण्याआधी मी पोटाखाली हात घालतो. पंजा सहज फिरला पाहिजे. अडकला, तर सगळं पुन्हा लावायचं, मग सर्जन हातमोजे चढवून का उभा असेना!

दुसरी पंचाईत हाडाची. रक्तवाहिनी बांधता येते, कॉटरीने जाळता येते. सोललेल्या हाडातून झिरपणारं रक्त कुठे बांधणार? मेण चोळता येतं, पण जिथे दोन मणके जुळून यायला हवेत तिथे तेच मेण आड येतं.

इथे ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड कामी येतं. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याचं हे संशोधन, 1962 सालचं. ते रक्त गोठवत नाही, बसलेली गुठळी विरघळू देत नाही. द्यायचं शिरेतून, आणि छेदाच्या आधी. हेच औषध चुकून पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनऐवजी दिलं गेलं, तर झटके येऊन माणूस दगावू शकतो. अँप्युलवरचं नाव मोठ्याने वाचा, लाजू नका.

रक्तदाब खूप उतरवून स्राव कमी करण्याची पद्धत मला फारशी रुचत नाही. मज्जारज्जूला आणि डोळ्याच्या नसेलाही रक्त लागतंच की.

गेलेलं रक्त मोजायचं कसं? अंदाजाने नाही. भिजलेले गॉज तोलायचे, कोरड्याचं वजन वजा करायचं. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिलिलिटर. सक्शनच्या बाटलीतून धुण्याचं पाणी वगळायचं. 60 किलोच्या माणसात रक्त सुमारे 4200 मिलिलिटर. त्याचे 700 गेले तर सहावा हिस्सा. वाकलेल्या कण्याच्या 30 किलोच्या मुलीचे तेवढेच गेले तर तिसरा. सेल सेव्हर मशीन वाहून गेलेल्या रक्तातल्या लाल पेशी धुऊन परत देतं, पण प्लेटलेट आणि गोठवणारे घटक त्या धुण्यात जातात. आणि पेशंट गार पडला तर असलेले घटकही नीट काम करत नाहीत, म्हणून गरम हवेचं पांघरूण.

टाके घातले म्हणून सुटलो असं नाही. आत साचलेलं रक्त मज्जारज्जू दाबू शकतं, आणि ड्रेन, म्हणजे ते रक्त बाहेर बाटलीत काढणारी नळी, तुंबला असेल तर बाटली रिकामी दिसते. रात्री दोनला सिस्टरचा फोन येतो, 'पाठ फार ठणकतेय, पाय जड वाटतात म्हणतात.' अशा वेळी वेदनाशामक वाढवायला सांगून फोन ठेवायचा नाही. निघायचंच, आणि निघता निघता सांगायचं, 'सिस्टर, पायाचे अंगठे हलवून दाखवायला सांगा, दोन्ही. मी फोन धरून आहे.'