छापखान्याच्या पोटी जन्मलेलं ग्रंथालय

(दृश्य: हुगळी नदी. पलीकडच्या काठावर बराकपूर. अलीकडे उंच खांबांची दगडी पायऱ्यांची इमारत.)

श्रीरामपूर म्हटलं की आपल्याला नगर जिल्हा आठवतो. हे ते नव्हे. हे बंगालमधलं, हावड्याहून लोकलने जाता येणारं श्रीरामपूर. जुन्या इंग्रजी कागदांत त्याचं नाव सेरामपूर. नदीकाठी ही जी इमारत दिसते, ते श्रीरामपूर कॉलेज. १८१८ साली सुरू झालेलं. इथे ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवतात, शिवाय कला आणि विज्ञान शाखांचे साधे पदवीवर्गही भरतात. आवारात कॅरी ग्रंथालय आणि संशोधन केंद्र आहे. आपण आलो आहोत ते त्याच्यासाठी.

मराठी माणसाने एवढ्या लांब का यावं? तर १८०५ साली मराठी भाषेचं व्याकरण देवनागरी खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांत, छापून निघालं, ते मुंबईत नाही, पुण्यात नाही, ते या गावात. पुण्याच्या गादीवर तेव्हा दुसरा बाजीराव होता आणि शनिवारवाडा शाबूत होता.

(दृश्य: जुना हातछापखाना. शाई लावलेले खिळे.)

हे ग्रंथालय कुणा श्रीमंताच्या संग्रहातून उभं राहिलेलं नाही. त्याचा गाभा म्हणजे इथल्याच छापखान्यातून निघालेला माल. म्हणून आधी छापखान्याची गोष्ट.

विल्यम कॅरी मूळचा जोडे शिवणारा. जोशुआ मार्शमन शाळामास्तर. विल्यम वॉर्ड मुद्रक. तिघेही इंग्लंडचे, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, धंद्यात विघ्न नको म्हणून. श्रीरामपूर मात्र डेन्मार्कच्या ताब्यात होतं, तिथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता. १८०० च्या जानेवारीत कॅरी इथे आला आणि त्याच वर्षी छापखाना सुरू झाला. पंचानन कर्मकार हा अक्षरांचे ठसे कोरणारा बंगाली कारागीर त्यांना मिळाला, आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर. या दोघांची नावं पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर नसतात. पण त्यांच्या छिन्नीशिवाय यातलं एक पानही निघालं नसतं.

मराठीकडे कॅरी वळला तो फोर्ट विल्यम कॉलेजमुळे. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला कलकत्त्यात काढलेलं हे कॉलेज. कॅरी तिथे बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवू लागला. हाताशी मराठीचे पंडित होते वैजनाथ शर्मा. व्याकरण त्यांच्याच मदतीने तयार झालं.

(दृश्य: १८०५ च्या व्याकरणाचं मुखपृष्ठ, सावकाश जवळून.)

पानाकडे नीट बघा. मजकूर इंग्रजी, उदाहरणं देवनागरी. व्याकरणाला रोजच्या बोलण्यातले संवादही जोडलेले आहेत. शिकणाऱ्याला नुसती विभक्ती घोकून चालणार नव्हतं, त्याला माणसांशी बोलायचं होतं. त्याच वर्षी बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं गेलं. १८१० साली कॅरीचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यातले मराठी शब्द मात्र मोडीत आहेत, कारण व्यवहाराची लिपी तीच होती आणि तोवर मोडीचे खिळे तयार झाले होते.

खरं सांगायचं तर या पुस्तकांतलं मराठी सगळीकडे सारखं पटलं नाही. त्याच्यावर नागपूरकडच्या बोलीची छाया होती. पुढे मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते कोकणात चालेना, म्हणून त्यांनी भाषांतरं नव्याने केली. कोशाचंही तेच. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि कॅरीचा मागे पडला. आज तो शब्दार्थासाठी कुणी उघडत नाही. मोडी छपाई कशी होती, १८१० साली कोणते शब्द कोशात घ्यावेसे वाटले, हे पाहायला उघडतात. जुन्या ग्रंथालयातल्या बऱ्याचशा पुस्तकांचं असंच होतं.

(दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज.)

११ मार्च १८१२. बुधवारची संध्याकाळ. छापखान्याच्या कागदाच्या कोठारात आग लागली. वॉर्ड तिथेच होता. त्याने दारंखिडक्या लावून घेतल्या आणि छपरातून पाणी ओतायला सुरुवात केली. हवा मिळेना, तशी आग कोंडून राहिली. काही तास हे चाललं. मग गर्दीतल्या कुणीतरी खिडक्या उघडल्या.

कॅरी त्या रात्री कलकत्त्यात होता. दुसऱ्या दिवशी मार्शमनने जाऊन त्याला सांगितलं. कितीतरी पौर्वात्य भाषांचे खिळे वितळून शिशाचा गोळा झाला होता. शेकडो रीम कागद जळाला. पण ते पुन्हा मिळण्यासारखं होतं. तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांची हस्तलिखितं गेली. रामायणाच्या भाषांतराचा भाग गेला. ज्या बहुभाषी कोशावर कॅरी वर्षानुवर्षं खपला होता, त्याची बाडं गेली. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

राखेखाली मात्र पोलादी ठसे आणि मातृका, म्हणजे खिळे ओतायचे साचे, सापडल्या. मातृका हाती असली की खिळा पुन्हा ओतता येतो. वितळलेलं शिसंही वाया गेलं नाही, त्याचेच खिळे झाले. काही आठवड्यांत छपाई सुरू झाली. दोन वर्षांनी, १८१४ मध्ये, इथून मराठी सिंहासनबत्तिशी निघाली, १८१५ मध्ये हितोपदेश, आणि पाठोपाठ नागपूरकर भोसल्यांची वंशावळी. वंशावळीसारखं पुस्तक मिशनच्या छापखान्यातून निघावं याचं आश्चर्य वाटायला नको. फोर्ट विल्यमच्या विद्यार्थ्यांना मराठी गद्य हवं होतं आणि ते तयार मिळत नव्हतं.

(दृश्य: कागदाचा कडेचा भाग. कसरीने केलेली भोकं.)

आगीइतकाच मोठा शत्रू म्हणजे वाळवी आणि कसर. देशी कागदाला तांदळाची खळ असायची, किड्यांना आयती मेजवानी. मोठ्या ग्रंथाची छपाई रेंगाळली तर शेवटचं पान छापून होईतो पहिली पानं खाल्लेली असत. त्यावर उपाय म्हणून या मंडळींनी कागदाची गिरणीच काढली. १८२० च्या मार्चमध्ये तिच्यासाठी इंग्लंडमधल्या बोल्टनहून आणलेलं वाफेचं इंजिन चालू झालं. किडीला दाद न देणारा श्रीरामपुरी कागद पुढे बराच काळ नावाजलेला होता. दोनशे वर्षांपूर्वीची पानं आज उलटता येतात, त्यामागे ही खटपटही आहे.

कॉलेज सुरू झालं तेव्हा ३७ विद्यार्थी होते, त्यांत हिंदूही होते. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने, सहाव्या फ्रेडरिकने, पदव्या देण्याची सनद दिली. मुंबई, कलकत्ता, मद्रास विद्यापीठांच्या तीस वर्षं आधी. गंमत म्हणजे त्या सनदेवर धर्मशास्त्राची पहिली पदवी दिली गेली ती १९१५ साली. मधल्या काळात गाव १८४५ मध्ये इंग्रजांना विकलं गेलं, पैशाची चणचण झाली, वरचे वर्ग काही वर्षं बंदही पडले. सनद तेवढी शाबूत राहिली. आज भारतातल्या आणि शेजारच्या देशांतल्या अनेक धर्मशास्त्र महाविद्यालयांच्या पदव्या श्रीरामपूरच्या नावाने मिळतात, पुण्यातल्यासुद्धा.

(दृश्य: वाचनकक्ष. टेबलावर उघडं पुस्तक, खाली उशी.)

त्यामुळे कॉलेजच्या पुस्तकांकडे येणारे वाचक दोन प्रकारचे. एक, परीक्षेला बसलेले विद्यार्थी. त्यांना भाष्यं, चर्चचा इतिहास, चालू नियतकालिकं हवी असतात. दुसरे, जुन्या कागदांच्या मागे लागलेले अभ्यासक. त्यांच्यासाठी कॅरीच्या काळातली भाषांतरं आणि व्याकरणं आहेत, १८१८ पासूनच्या ‘समाचार दर्पण’ या बंगाली साप्ताहिकाच्या फायली आहेत, मिशनचे कागद आहेत. बंगालच्या इतिहासावर काम करणाऱ्यांचा राबता इथे जास्त, मराठी अभ्यासक क्वचित. ही आपलीच उणीव.

जाणाऱ्याने एक ध्यानात घ्यावं. या मिशनचं दप्तर एका जागी नाही. छापील पुस्तकं इथे, पण मिशनऱ्यांनी घरी पाठवलेली पत्रं इंग्लंडला गेली. ऑक्सफर्डच्या रीजन्ट्स पार्क कॉलेजात, तेही बाप्टिस्टांचंच, अँगस ग्रंथालयात बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीचं दप्तर आहे. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीचा संग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात. एखाद्या मराठी पुस्तकाच्या किती प्रती काढल्या, खर्च कुणी दिला, हे शोधायचं तर पुस्तक एकीकडे आणि त्याविषयीचं पत्र दुसरीकडे, अशी वणवण होते.

बाकी रिवाज सगळ्या जुन्या संग्रहांत असतो तोच. आधी लिहून परवानगी मागावी, आपल्या संस्थेचं पत्र सोबत न्यावं, काय पाहायचं ते नाव आणि साल देऊन कळवावं. ‘जुनी मराठी पुस्तकं दाखवा’ असं मोघम म्हटलं तर कुणाचंच काम होत नाही. पेन पिशवीत, टिपणं पेन्सिलीने. हात कोरडे. बांधणी सैल असेल तर पुस्तक पूर्ण उघडायचं नाही, ते उशीवर अर्धवट टेकवून वाचायचं. फोटो काढायचा तर विचारून, फ्लॅशशिवाय.

आणि १८१० चा कोश बघायचा असेल तर मोडी आलीच पाहिजे. ग्रंथपाल पुस्तक काढून देतील. वाचून दाखवणारा माणूस आपणच सोबत नेलेला बरा.